एका चमच्याला वन्स मोअर

टाळ्या कधी वाजवायच्या हे आम्हाला शिकवायला त्यांनी एक माणूस ठेवला होता. मला शिकवायला! अहो, सांगलीत माझा जन्म गेला. आमचे अण्णा नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर बसायचे, आणि आम्ही दोघं भावंडं विंगेत, पेटीवाल्याच्या मागे बसून लहानाची मोठी झालो. आणि हा लाल कोटातला लंबू हातात माइक घेऊन मला सांगतोय, वरचा दिवा लागला की टाळ्या वाजवा.

“हसू आलं तर दाबून ठेवू नका,” तो म्हणाला. “तुमच्या डोक्यावर माइक टांगलेत, तुमचं हसू घरोघरी ऐकू जाणार आहे. पण मधेच बोलायचं नाही. कुणाला नावानं हाक मारायची नाही. ओरडायचं तर मुळीच नाही.”

एवढं सांगून त्यानं आमच्या अंगावर मूठमूठ चॉकलेटं भिरकावली. मी एक झेललं आणि मान डोलावली. मान डोलावली हे मुद्दाम सांगते. उगाच नंतर कुणी म्हणायला नको, की बाईंना कल्पना नव्हती.

ही लॉस एंजेलिसची गोष्ट. मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. जन्मभर मुलींना भूगोल शिकवला आणि समुद्र ओलांडला तो त्या वर्षी पहिल्यांदा. ओहायोत, क्लीव्हलंडला माझा धाकटा भाऊ राहतो. टायरच्या कंपनीत मोठा साहेब, तिकडे त्याला सगळे मिस्टर खासनीस म्हणतात. माझा तो बाळूच. त्याच्याकडे जाऊन माझी झोपसुद्धा अजून जागेवर आली नव्हती, तोच त्यानं माझ्यापुढे विमानाची तिकिटं ठेवली. जाताना एक, येताना दोन.

“अक्का, तू जा आणि मृणालला घेऊन ये. तुझं ऐकते ती.”

“माझं कशाला ऐकेल? तुझी मुलगी ती, तुझ्यासारखीच हट्टी.”

“तिनं मला शब्द दिलाय. हा शेवटचा कार्यक्रम. तो झाला की घरी यायचं आणि नोकरी धरायची. इथल्या हॉस्पिटलात जागा बोलून ठेवलीय मी. फार्मसी शिकलेली मुलगी, इतकी वर्षं लोकांना कॉफी वाढतेय आणि म्हणते काय, तर मी नटी आहे!”

बाळूची बायको, माझी भावजय शुभदा, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकत होती. बाळू आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, “अक्का, ते तसे नव्हते हो. त्या नर्सच्या कार्यक्रमापासून असं झालंय.”

नर्सचं प्रकरण असं. आदल्या दिवाळीत मृणालला एका मालिकेत नर्सचं काम मिळालं होतं. चार वाक्यं. बाळूला कोण आनंद! त्यानं मराठी मंडळातली झाडून सगळी माणसं घरी बोलावली, शुभदानं वडे तळले, टीव्हीसमोर सतरंज्या अंथरल्या. कार्यक्रम सुरू झाला, संपला, आणि मृणाल कुठे? आयत्या वेळी तिचा प्रसंग कापला होता. एका दृश्यात पांढऱ्या कपड्यातली एक पाठ दिसली, बस. शुभदा म्हणाली ती पाठ मृणालचीच. बाळू म्हणाला नाही. शेवटी वातावरण हलकं करायला मंडळाच्या पेंडसेबाई म्हणाल्या, “काही म्हणा, पाठ छान होती हो.”

ते वाक्य बाळूच्या असं काही जिव्हारी लागलं, की त्या दिवसापासून त्यानं मुलीचा एकही कार्यक्रम पाहिला नाही.

तर मी अशी, पर्समध्ये परतीची दोन तिकिटं घेऊन, मृणालच्या एका खोलीच्या घरात उतरले. सकाळी तिनं मला पोहे करून दिले. मीठ कमी होतं. माझ्यासमोर ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “आत्या, तू मला न्यायला आलीयेस ना?”

“हो. खोटं कशाला बोलू?”

“मग आज बघायला तरी चल. दुपारी खेळ आहे, संध्याकाळी परत तोच खेळ दुसऱ्या लोकांसमोर. दोन्हींतलं चांगलं तेवढं घेऊन जोडतात.”

“काम काय आहे तुझं?”

“मी हेल्थ इन्स्पेक्टर. एका हॉटेलात येते, सूपचा एक चमचा घेते, ‘हे हॉटेल मला बंद करावं लागेल’ म्हणते आणि जाते.”

“एवढंच?”

“एवढंच. मग ग्लेनिस रडते-ओरडते, आणि हशा तिला. ती मुख्य नटी आहे. लोकांना मी आवडले तर पुन्हा बोलावतील, नाही तर,” तिनं माझ्या पर्सकडे बोट केलं.

“आवडायला जागा कुठेय त्यात? एक चमचा आणि एक वाक्य!”

मृणाल पोह्यातले शेंगदाणे वेचून खात होती. लहानपणीची खोड. “आत्या, चमचा तोंडात गेल्यावर काय करायचं, ते त्यांनी लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “तेवढीच जागा माझी.”

मला आमची सांगलीची माडी आठवली. ही पोर उन्हाळ्याच्या सुट्टीत यायची, तेव्हा रोज संध्याकाळी माझ्यासमोर नकला करायची. दूधवाल्याची, आमच्या हेडबाईंची, बाळूची. छान झालं की मी ‘वन्स मोअर’ ओरडायचे आणि तिला ते परत करावं लागायचं. पण जसंच्या तसं केलेलं चालायचं नाही. हा आमच्या अण्णांचा दंडक. ते म्हणायचे, वन्स मोअर मिळाला की तीच ओळ म्हणायची, पण ऐकणाऱ्याला नवं काहीतरी द्यायचं. तेच परत दिलं तर लोक घरी जायला उठतात. मृणाल मला विचारायची, “आत्या, तेच की नवीन?” आणि मी म्हणायचे, “नवीन!”

खरं तर वन्स मोअर द्यावा तो बाळूनं. अर्ध्या चड्डीतला बाळू विंगेतल्या स्टुलावर चढायचा, दोन्ही हात तोंडाशी न्यायचा आणि असा आवाज लावायचा, की मागच्या रांगेतली माणसं दचकायची. मोठे मोठे गवई पान लावता लावता अण्णांना विचारायचे, “काय, आज आमचे वन्स मोअर आलेत ना?” तो बाळू अमेरिकेत गेला आणि हळू बोलायला शिकला. घरातसुद्धा मिटिंगमध्ये बोलल्यासारखा बोलतो. असो.

तर स्टुडिओ. हॉटेल तीनच भिंतींचं, चौथ्या बाजूला आम्ही. मधल्या मोकळ्या जागेत माणसं भलेमोठे कॅमेरे गाड्यांवरून इकडून तिकडे ढकलत होती. ग्लेनिस हार्टविग आली आणि लोकांनी दिव्याची वाट न बघता टाळ्या दिल्या. साठीची बाई, काडीसारखी बारीक, लाल केस. त्या हॉटेलची मालकीण झाली होती ती. नुसतं फडकं झटकलं तरी लोक हसत होते. मला निम्मे विनोद कळत नव्हते. शेजारची बाई हसली की मी हसत होते.

मग दार उघडलं आणि मृणाल आत आली. राखाडी कोट, काखेत फाइल, केस चापूनचोपून बांधलेले.

ग्लेनिसनं लगबगीनं तिच्यापुढे वाडगा ठेवला. मृणालनं चमचा उचलला, उजेडात धरून पाहिला, सूपमध्ये बुडवला आणि तोंडात घातला.

आणि थांबली.

चेहरा तसाच, सरकारी. मग एक भुवई किंचित हलली. तिनं वाडग्याकडे पाहिलं. फाइलकडे पाहिलं. पुन्हा वाडग्याकडे पाहिलं. अहो, त्या पोरीच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं म्हणून सांगू! सूप अप्रतिम होतं आणि हॉटेल तर बंद करायचं होतं, आणि हे दोन्ही तिनं एक शब्द न बोलता, घोट न गिळता आम्हाला सांगितलं. आधी कुठेतरी एकजण खुसखुसला. मग चारजण. मग हसण्याचा असा लोट उठला, की माझी खुर्ची हलली.

आणि मी उठले. उठले म्हणण्यात अर्थ नाही, आतून कुणीतरी मला उठवलं. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सगळा जीव एकवटून ओरडले, “वन्स मोअर!”

गाण्याला वन्स मोअर असतो, सूप पिण्याला नसतो, एवढं मलाही कळतं. पण त्या क्षणी नाही कळलं.

हसू एकदम तुटलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गंमत म्हणजे मी ओरडले होते इंग्रजीतच, पण त्या इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना त्याचा अर्थ लागेना. “कट!” असा आवाज आला आणि कॅमेऱ्यांमागून दिग्दर्शक तरातरा पुढे आला. वॉल्टर त्याचं नाव. टक्कल, गळ्यात लोंबणारा चष्मा, आणि कपाळाला आठ्यांचं जाळं.

“कोण होतं ते? इतकं हसू वाया गेलं! त्यावर आता ही आरोळी बसलीय, वापरता येणार नाही!” मग तो मृणालकडे वळला. “आणि तुला थांबायला कुणी सांगितलं होतं? पानावर काय आहे? चमचा, वाक्य, बाहेर. आता चमचाही नको. आत ये, वाक्य म्हण आणि जा.”

चमचा गेला म्हणजे पोरीची सगळी जागा गेली. उरलं काय? एक वाक्य. तेही कापलं की पुन्हा पाठ! आणि हे कुणी केलं? तिच्या सख्ख्या आत्यानं.

एक दणकट मुलगा माझ्या रांगेशी आला. “मॅडम, तुम्हाला बाहेर यावं लागेल.”

“येते. पण आधी मला बोलू द्या.”

“मॅडम, कृपा करून...”

“थांब रे,” खालून आवाज आला. ग्लेनिस हार्टविग दिव्यांमुळे दिसेना म्हणून कपाळावर हात धरून वर बघत होती. “बोलू दे त्यांना. बाई, काय म्हणालात तुम्ही?”

माझं इंग्रजी शाळेतलं, पण खणखणीत. मी म्हटलं, “वन्स मोअर म्हणाले. आमच्याकडे कलावंतानं काम उत्तम केलं, की प्रेक्षक असं म्हणतात. मग ते काम परत करून दाखवावं लागतं.”

“नाटक थांबवून?”

“हो. तिथल्या तिथे.”

“आणि कलावंत चिडत नाहीत?”

“न मिळाला तर चिडतात.”

लोक हसले. ग्लेनिसही हसली. वॉल्टर काही हसला नाही. “ग्लेनिस, गंमत कळलेल्या लोकांना तीच गंमत परत दाखवून हसू येणार नाही. आपल्याला वेळ नाही,” तो म्हणाला.

“ते खरंय,” ग्लेनिस म्हणाली आणि पुन्हा वर बघितलं. “काय बाई? दुसऱ्यांदा हसतात का लोक तुमच्याकडे?”

“तेच केलं तर घरी जायला उठतात,” मी म्हटलं. “तेच करायचं, पण नवीन. तिला ठाऊक आहे. माझी भाची आहे ती.”

मृणाल इतका वेळ फाइल छातीशी धरून उभी होती. मला वाटलं होतं, ती माझ्याकडे बघणारसुद्धा नाही. तिनं मान वर केली. चेहरा पांढराफटक पडला होता, पण ओठाचा एक कोपरा वर गेला होता. माडीवर जायचा तसाच.

ग्लेनिसनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाडगा हातात घेऊन म्हणाली, “वॉल्टर, सूप गरम करून आणा. बाईंनी वन्स मोअर मागितलाय.”

ती मुख्य नटी होती. सूप गरम होऊन आलं.

दार पुन्हा उघडलं. मृणाल आली. तोच कोट, तीच फाइल, तोच चमचा. तोंडात घातला, थांबली. थोडेफार लोक हसले, ओळखीचं हसू. मी पदराचं टोक दातांत धरून बसले होते. मग मृणालनं फाइल काउंटरवर ठेवली, खुर्ची ओढून बसली, टेबलावरचा रुमाल झटकला आणि गळ्याशी खोचला. आणि शांतपणे दुसरा चमचा घेतला.

हशा वाढला. ग्लेनिस बघतच राहिली. हे पानावर कुठे होतं? मग तिनं एका बोटानं वाडगा हळूच आपल्याकडे ओढला. मृणालनं वर न बघता तो परत आपल्याकडे ओढला. ग्लेनिसनं पुन्हा ओढला. मृणालनं पुन्हा. दोघी एक अक्षर बोलत नव्हत्या, आणि माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. वाडगा रिकामा झाला. मृणालनं रुमालानं ओठ टिपले, उभी राहिली, कोट सारखा केला आणि पुन्हा सरकारी चेहरा करून म्हणाली, “हे हॉटेल मला बंद करावं लागेल.”

दारापर्यंत गेली. थांबली.

“उद्या.”

अरे देवा, काय हसले लोक! ते हसू जरा उतरतंय तोवर ग्लेनिस काउंटर पुसत पुसत म्हणाली, “उद्या मटारचं सूप आहे.”

मृणालनं विचार केला. अगदी मनापासून विचार केला.

“मग परवा,” ती म्हणाली आणि गेली.

दिवा लागला होता की नाही मला माहीत नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी मात्र बसून होते. उभं राहण्याची माझी तर हिंमतच नव्हती, आणि तो दणकट मुलगा अजून माझ्या शेजारी होता. पण सांगते, माझी छाती अशी भरून आली होती, की ब्लाउजची बटणं तुटतील असं वाटलं.

खेळ संपल्यावर ग्लेनिस स्वतः मला भेटायला आली. जवळून बघितली तर हातांवर सुरकुत्या, नखं मात्र सुंदर राखलेली.

“मी टीव्हीवर पहिल्यांदा दिसले तेव्हा नुसते माझे हात दिसले होते,” ती म्हणाली. “साबणाची जाहिरात होती. माझी आई शेजारणीला सांगायची, ते हात माझ्या मुलीचे आहेत. कुणी विश्वास ठेवायचं नाही.”

“हिची पाठ दिसली होती,” मी म्हटलं.

ग्लेनिस खळखळून हसली. मग गंभीर झाली. “तुमची भाची चांगली आहे. पण एक सांगून ठेवते, कात्री वॉल्टरच्या हातात आहे. तो लिहिल्याप्रमाणे केलेलं जोडेल, नाही तर हे जोडेल, नाही तर काहीच नाही. टीव्हीवर लागेपर्यंत मलाही कळत नाही.”

संध्याकाळच्या खेळाला मला शेवटच्या रांगेत बसवलं आणि पहाऱ्याला तोच मुलगा. त्याला मी चॉकलेट दिलं. मृणालनं तेव्हा वॉल्टरनं सांगितल्याप्रमाणे केलं. चमचा नाही, नुसतं वाक्य. लोक जरासे हसले. म्हणजे आता त्याच्याकडे दोन्ही होतं, आणि दोन्हींतलं काय निवडायचं ते त्यानं ठरवायचं.

परत येताना मृणाल गाडी चालवत म्हणाली, “आत्या, रविवारी निघायचं ना? मी शब्द दिलाय बाबांना.”

“तू दिलायस. मी नाही दिला,” मी म्हटलं. “हे टीव्हीवर लागेपर्यंत तू इथून हलायचं नाहीस. तुझ्या बाबाला मी बघून घेते.”

“आणि कापलं तर?”

“तर मी स्वतः येऊन तुझी बॅग भरते.”

ती रडली. गाडी चालवताना रडू नये म्हणून मी तिला रागावले.

मी एकटी क्लीव्हलंडला उतरले तेव्हा बाळूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “अक्का, तुला कशाला पाठवलं होतं मी?”

“तिला बघायला. बघून आले.”

“कापतील ते. तुला माहीत नाही हे लोक. पुन्हा कापतील आणि पुन्हा ती रडेल. मला नाही बघवत.”

तेव्हा मला कळलं. पेंडसेबाईंचं बोलणं त्याला लागलं होतं, पण खरं दुखणं ते नव्हतं. त्या दिवाळीला कार्यक्रम संपल्यावर मृणालचा फोन आला होता आणि तिला ती बातमी बाळूनंच दिली होती. ओहायोतलं घड्याळ लॉस एंजेलिसच्या तीन तास पुढे. इकडे कार्यक्रम दिसून जातो तेव्हा तिकडे तो लागायचा असतो. पोरगी तिकडे नटूनथटून टीव्हीसमोर बसायच्या बेतात होती, आणि बापाला सांगावं लागलं, बघू नकोस, तू त्यात नाहीस.

महिन्याभरानं तो भाग लागायचा होता. बाळूनं बजावलं, “कुणाला बोलवायचं नाही.” मी दुसऱ्या दिवशी पेंडसेबाईंना फोन केला आणि मंडळातल्या सगळ्यांना बोलावलं. शुभदानं बटाटे उकडायला टाकले.

माणसं जमली. बाळू सगळ्यांना या-बसा म्हणाला आणि वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात टीव्हीकडे पाठ करून बसला. कार्यक्रम सुरू झाला. ग्लेनिस आली, फडकं झटकलं. निम्मा कार्यक्रम गेला. जाहिराती झाल्या. मृणालचा पत्ता नाही. पेंडसेबाई माझ्याकडे बघायचं टाळत होत्या.

आणि दार उघडलं. राखाडी कोट. काखेत फाइल.

“आली!” शुभदा ओरडली आणि तिच्या हातातला झारा खाली पडला.

चमचा बुडाला. तोंडात गेला. थांबली. आता ती वाक्य म्हणून निघून जाते की काय? नाही. फाइल काउंटरवर गेली. खुर्ची ओढली गेली. रुमाल गळ्याशी. वाडगा इकडे, वाडगा तिकडे. “उद्या.” “उद्या मटारचं सूप आहे.” “मग परवा.” सगळं होतं! एक घास कापला नव्हता त्या टकल्यानं. आमच्या दिवाणखान्यात मराठी माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती, आणि त्या टीव्हीतल्या हसण्यात कुठेतरी माझंही हसू होतं.

पुढे ती इन्स्पेक्टर दर आठवड्याला ते हॉटेल बंद करायला यायची आणि सूप पिऊन जायची. सात वर्षं आली. आज तिकडे ती रस्त्यात दिसली की अनोळखी माणसं तिला विचारतात, “आज कुठलं सूप?” तिचं नाव बदलायला सांगणाऱ्या एजंटाला ती म्हणाली होती, म्हणायला शिका, आणि आता सगळे नीट म्हणतात, मृणाल खासनीस. पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं.

मी मागे वळून पाहिलं. बाळू स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. वर्तमानपत्र हातात तसंच, चुरगळलेलं. तो कधी उठून आला होता कुणास ठाऊक. नाकाचा शेंडा लाल झाला होता.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. त्याच्या हाताशीच होता. त्यानं उचलला.

पलीकडून ती काय म्हणाली ते तिनंच मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, झालं का? कापलं का मला?”

बाळूनं तोंड उघडलं. शब्द फुटेना. पुन्हा उघडलं. मंडळातली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती, टीव्हीवर कुठल्याशा टूथपेस्टची जाहिरात चालली होती.

“अहो, सांगा ना तिला!” शुभदा म्हणाली. “पोरीचा जीव टांगणीला लागलाय!”

बाळूनं फोन कानापासून दूर धरला. दुसरा हात तोंडाशी नेला. पायांतली चप्पल सुटली, टाचा उचलल्या गेल्या, जणू स्टूल नव्हतं म्हणून तेवढंच. आणि टायरच्या कंपनीतला माझा हळू बोलणारा भाऊ गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, “वन्स मोअर!”

काच थरथरली खिडकीची. अण्णा असते तर तिकीटखिडकीतून डोकावले असते. मग एकेकाला चेव चढला. पेंडसे ओरडले, शुभदा ओरडली, मीही गप्प बसले नाही. “वन्स मोअर! वन्स मोअर!” टूथपेस्टवाली बिचारी हसत होती.

बाळूनं फोन परत कानाला लावला. मग ती म्हणाली, नाक ओढत म्हणाली, “बाबा, तेच की नवीन?”

“नवीन,” बाळू म्हणाला. “नवीनच दाखव. आणि हे बघ, तिकडेच राहा.”

त्यानं फोन ठेवला, खिशातून रुमाल काढून चेहरा खसाखसा पुसला, आणि सरळ पेंडसेबाईंच्या समोर जाऊन उभा राहिला.

“काय वहिनी,” तो म्हणाला, “चेहरा कसा होता?”